उंबऱ्यापर्यंत कोण येतं? : लहान मुलांच्या ‘शीघ्र हस्तक्षेपा’ची गोष्ट

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या मावसबहिणीचा मुलगा दिवस भरण्याआधी आठ आठवडे जन्मला. वजन चौदाशे ग्रॅम. महिनाभर काचेच्या पेटीत राहून तो घरी आला. त्याला तेल लावून अंघोळ घालायला गल्लीतल्याच एक मावशी येत. तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या बाळांना पायांवर घेऊन न्हाऊ घालणारी ही बाई. पाचव्या महिन्यात त्या म्हणाल्या, ‘‘ताई, याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. लंगोट बांधताना मांड्या उघडत नाहीत. दाखवून घ्या.’’

दाखवलं. डॉक्टर म्हणाले, कमी दिवसांचं बाळ आहे, थोडी वाट पाहा. घरात आजी म्हणाली, याचा बापसुद्धा दीड वर्षाचा होऊन चालला. वाट पाहण्यात सहा महिने गेले. अकराव्या महिन्यात निदान झालं : सेरेब्रल पाल्सी. मेंदूच्या ज्या भागातून स्नायूंना हुकूम सुटतात, त्या भागाला जन्माच्या आगेमागे झालेली इजा.

त्यानंतर धावपळ सुरू झाली. तीन ठिकाणी मिळून पाच तज्ज्ञ. प्रत्येकाने घरी काय करायचं ते एका कागदावर लिहून दिलं आणि ते कागद एका कापडी पिशवीत जमा होत गेले. मूल चौदा महिन्यांचं असताना बहिणीने ती पिशवी माझ्यासमोर ठेवली. मी वैद्यकातली नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचं, नोकरी हिशेबाची, वाचन हाताला लागेल ते. त्यामुळे मला जे येतं तेच मी केलं, बेरीज केली. फिजिओथेरपीचे ताण देण्याचे व्यायाम, पाऊण तास, दोनदा : नव्वद मिनिटं. बोलण्यासाठीचे खेळ, अर्धा तास, दोनदा : साठ. प्रत्येक भरवण्याआधी ओठ-गालांना मालीश, दहा मिनिटं, पाच वेळा : पन्नास. ऑक्युपेशनल थेरपीवाल्यांनी सांगितलेलं ब्रशने अंग चोळणं, दहा मिनिटं, सहा वेळा : साठ. नजर स्थिर होण्यासाठी अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा खेळ, वीस मिनिटं, दोनदा : चाळीस. एकूण तीनशे मिनिटं. रोजचे पाच तास.

घरात एक मोठी मुलगी, नवरा पाळीच्या नोकरीत, सासूचे गुडघे दुखणारे. बेरीज ऐकून बहीण म्हणाली, ‘‘ताई, मग मी याच्याशी खेळायचं कधी?’’

पाचांपैकी एकही कागद निष्काळजीपणाने लिहिलेला नव्हता. पण पाचांपैकी एकानेही उरलेले चार कागद वाचलेले नव्हते. ते वाचणारी आणि त्यांचा मेळ घालणारी एकच व्यक्ती होती, आणि तिला तिथे कोणी काही विचारत नव्हतं. जगात इतरत्र हा प्रश्न कोणी सोडवला आहे का, या कुतूहलाने मी वाचायला लागले. त्या वाचनातलं जे पक्कं वाटलं ते इथे मांडते.

*

आधी शब्दाबद्दल. इंग्रजीतल्या ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ला आपल्या सरकारी मराठीने ‘शीघ्र हस्तक्षेप’ असं नाव दिलं आहे. शीघ्र म्हटलं की आपल्याला शीघ्रकवी आठवतात किंवा शीघ्रकोपी, आणि हस्तक्षेप म्हटला की कोर्टाचा किंवा शेजाऱ्यांचा. अडचणीत सापडलेल्या आईच्या मनात या शब्दाने आधार वाटण्याऐवजी धास्तीच उभी राहील. मला ‘वेळीच साथ’ आवडलं असतं. असो, रूढ झालंय ते वापरू. अर्थ एवढाच की, जन्मापासून साधारण तीन वर्षांपर्यंत ज्या मुलाच्या वाढीत अडथळा आहे किंवा येण्याची शक्यता आहे, त्या मुलाला आणि त्याच्या घराला लगेच मदत सुरू करायची. मूल शाळेच्या वयाचं होण्याची वाट पाहायची नाही.

वाट का पाहायची नाही, याचा पहिला ठसठशीत पुरावा एका अपघाताने मिळाला. हॅरॉल्ड स्कील्स हे अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९३०च्या दशकात अनाथाश्रमांसाठी काम करणारे मानसशास्त्रज्ञ. तिथल्या एका गच्च भरलेल्या अनाथाश्रमात दोन तान्ह्या मुली अगदीच मागे पडलेल्या, निपचित. त्यांच्यात सुधारणा होणं नाही असं धरून त्यांना बौद्धिक अपंगत्व असलेल्या मोठ्या स्त्रियांच्या संस्थेत पाठवून दिलं गेलं. काही महिन्यांनी स्कील्स तिथे गेले तर मुली ओळखू येईनात. हसत होत्या, हिंडत होत्या, खेळत होत्या. झालं होतं एवढंच की वॉर्डातल्या बायकांनी आणि सेविकांनी त्यांना आपल्या मानलं होतं. कोणीतरी दिवसभर बोलत होतं, उचलत होतं, कोडकौतुक करत होतं.

स्कील्स आणि सहकाऱ्यांनी मग आणखी मुलं मुद्दाम तशी हलवली. एकूण तेरा मुलं. तुलनेसाठी अनाथाश्रमातच राहिलेल्या बारा मुलांची नोंद होती, आणि या बारांची सुरुवात खरं तर तेरांपेक्षा बरी होती. हलवलेल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरीने पंचवीसहून अधिक गुणांनी वाढला. मागे राहिलेल्यांचा जवळपास तितकाच घसरला. बुद्धी जन्मजात आणि अढळ असते असं मानण्याचा तो काळ. लुईस टर्मन यांच्यासारख्या दबदबा असलेल्या मानसशास्त्रज्ञांनी आयोवाच्या संशोधकांवर कडक टीका केली. स्कील्स यांनी पुढे सगळी पंचवीस माणसं हुडकून काढली आणि १९६६ साली त्यांचं काय झालं ते प्रसिद्ध केलं. तेराजण आपापल्या पायांवर उभे होते. त्यांच्यातले अकरा लहानपणीच दत्तक गेले होते आणि शिक्षणाचा मध्यांक बारावी इयत्ता होता. बारांपैकी एकाचा किशोरवयात संस्थेतच मृत्यू झाला होता, चारजण अजून संस्थांमध्ये होते आणि शिक्षणाचा मध्यांक तिसरीच्याही खाली.

या प्रयोगाच्या मर्यादा उघड आहेत. मुलं थोडी, निवड चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हे, आणि बारा मुलांना तसंच राहू दिलं याचं आज आपल्याला वाईट वाटल्यावाचून राहत नाही. तरी एक गोष्ट मी विसरू शकत नाही. ज्या हातांनी त्या मुली उभ्या केल्या, ते हात तज्ज्ञांचे नव्हते. त्यांना समाजाने स्वतःच ‘मंद’ ठरवून कोंडून ठेवलेलं होतं.

वेळेचं महत्त्व पुढे इतर क्षेत्रांत अधिक काटेकोरपणे सिद्ध झालं. सर्वात स्पष्ट उदाहरण कानांचं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवलं की बहिरेपण सहा महिन्यांच्या आत ओळखून मदत सुरू झालेल्या मुलांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा बरीच पुढे जाते. त्यावर आता ‘एक-तीन-सहा’ हा नियम उभा आहे : पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मदत. माझ्या भाच्याच्या बाबतीत ‘वाट पाहा’मध्ये गेलेले सहा महिने मला या आकड्यांशेजारी ठेवून पाहावे लागतात.

*

आता घराबद्दल. अमेरिकेत १९८६ साली एक कायदा झाला, सार्वजनिक कायदा क्रमांक ९९-४५७. अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा तिथे १९७५पासून होताच. या दुरुस्तीने तीन वर्षांखालची मुलं त्यात आली. त्यातली खरी नवी गोष्ट म्हणजे योजनेचं नाव. शाळकरी मुलासाठी असते ती ‘वैयक्तिक शिक्षण योजना’. तान्ह्या मुलासाठी कायद्याने लिहायला लावली ती ‘वैयक्तिक कुटुंब सेवा योजना’. योजनेचा कर्ता मुलाचा आजार नाही, मुलाचं घर.

हा कायदा नियमांसकट वाचताना मला सारखी ती पिशवी आठवत होती. मूल नोंदवलं गेल्यापासून पंचेचाळीस दिवसांत तपासणी होऊन योजनेची बैठक झाली पाहिजे. कुटुंबाची इच्छा असेल तर त्याची काळजी कशाची आहे, त्याच्याकडे बळ काय आहे, त्याला आधी काय हवं आहे हे योजनेत लिहायचं. दर सहा महिन्यांनी तिचा आढावा घ्यायचा. सगळ्या सेवांचा मेळ घालणारी एक व्यक्ती नेमायची आणि तिचं नाव कागदावर हवं. पुढच्या दुरुस्त्यांनी ही मदत शक्यतो मुलाच्या ‘स्वाभाविक वातावरणात’, म्हणजे घरी किंवा इतर मुलं जिथे असतात तिथे द्यायला सांगितलं. आणि मला सर्वात मोलाचं वाटलेलं कलम : आईवडील एखादी सेवा नाकारू शकतात, आणि तसं केल्याने बाकीच्या सेवा बंद होत नाहीत. माझ्या बहिणीला ‘ब्रशने चोळणं नको, बाकी करते’ असं म्हणायचं होतं. म्हटलं तर सगळेच रागावतील, या भीतीने ती गप्प होती.

तिकडे सगळं आलबेल आहे असं नव्हे. किती मागे पडलेलं मूल पात्र ठरवायचं ते प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं, त्यामुळे एका राज्यात मदत मिळालेलं मूल शेजारच्या राज्यात दारातून परत फिरू शकतं. आणि तिसरा वाढदिवस आला की ही यंत्रणा संपून दुसरी सुरू होते. त्या सांध्यावर पुष्कळ घरं लटकतात. पण निदान प्रश्न कायद्याने बरोबर विचारला आहे.

*

‘टीम’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. पाच तज्ज्ञ म्हणजे टीम झाली असं आपल्याला वाटतं. या विषयातली जाणकार मंडळी तीन प्रकार वेगळे करतात, आणि हा भेद समजला की पिशवीचं कोडं सुटतं.

पहिला प्रकार बहुशाखीय : प्रत्येकजण स्वतंत्र तपासतो, स्वतंत्र लिहितो. दुसरा आंतरशाखीय : तपासणी वेगळी, पण नंतर सगळे एकत्र बसतात, बोलतात, एक योजना करतात, उपचार मात्र ज्याचा तो. तिसरा पारशाखीय. हा अमेरिकेत १९७०च्या दशकात, सेरेब्रल पाल्सीच्या तान्ह्या मुलांसाठी काम करणाऱ्या युनायटेड सेरेब्रल पाल्सी या संघटनेच्या प्रकल्पातून पुढे आला. यात घराशी नातं एकाच व्यक्तीचं. मुलाची मुख्य अडचण पाहून ती व्यक्ती ठरते, फिजिओथेरपिस्ट किंवा विशेष शिक्षिका किंवा आणखी कोणी. बाकीचे तिच्या मागे उभे राहतात, आपलं कौशल्य गरजेपुरतं तिला शिकवतात, अडलं तर तिच्याबरोबर घरी येतात. आपल्या विद्येचा हक्क थोडा सैल सोडणं, हे या पद्धतीचं मूळ आणि सगळ्यांत अवघड काम. आपल्याकडे ते जास्तच अवघड. पदवीच्या पाटीवर संसार चालतो तिथे हक्क कोण सैल सोडणार?

घरी येणारी व्यक्ती करते काय? याबाबत रॉबिन मॅक्विल्यम यांनी रुळवलेली ‘दिनक्रमाधारित’ पद्धत मला फार उपयोगी वाटली. पहिल्या भेटीत मुलाची तपासणी नाही. दीड-दोन तास फक्त घरचा दिवस ऐकायचा. सकाळी कोण आधी उठतं? दूध कोण तापवतं? तेव्हा मूल कुठे असतं? कशाला रडतं? दिवसाचा कोणता वेळ तुम्हाला नकोसा होतो? त्या उत्तरांतून उद्दिष्टं निघतात, आणि ती ‘धडावरचं नियंत्रण सुधारणे’ अशी नसतात. ‘आम्ही जेवायला बसू तेव्हा त्याला पंधरा मिनिटं आमच्यात बसता यावं’ अशी असतात.

यामागचा हिशेब साधा आहे. मूल दिवसाला बारा तास जागं असेल तर आठवड्याचे चौऱ्याऐंशी तास होतात. थेरपीचा त्यातला एक तास. मॅक्विल्यम यांचं म्हणणं असं की मूल शिकतं ते दोन भेटींच्या मधल्या वेळात. भेटीचा उपयोग मधला वेळ सांभाळणाऱ्या माणसांना सक्षम करण्यापुरता. म्हणून व्यायामासाठी वेगळा वेळ काढायला न सांगता, अंघोळ, भरवणं, कपडे घालणं, उचलून नेणं यांतच तो बसवायचा.

एक उदाहरण देते. पाय कात्रीसारखे चढणाऱ्या मुलाला आपण लहान बाळासारखं आडवं हातांवर घेतलं तर पाय आणखी जुळतात, अंग ताठ होतं. तेच मूल कडेवर घेतलं, दोन पाय कमरेच्या दोन बाजूंना, तर मांड्या आपोआप उघडतात, धड सरळ राहतं, हात मोकळे होतात आणि समोरचं जग दिसतं. नॅन्सी फिनी यांनी १९६८ साली पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तकाचा सगळा रोख मुलाला उचलण्या-धरण्याच्या अशा रोजच्या गोष्टींवर आहे. मेक्सिकोच्या डोंगराळ खेड्यांत अपंग गावकऱ्यांबरोबर काम केलेल्या डेव्हिड वर्नर यांच्या १९८७ सालच्या पुस्तकातही मुलाला असं पाय फाकवून घेण्याची चित्रं आहेत. आपल्या बायका पोरांना पिढ्यान्‌पिढ्या असंच कडेवर घेत आल्या आहेत. माझी बहीण मात्र ‘आजारी मूल आहे, जपून’ म्हणून दीड वर्षाच्या पोराला आडवं धरत होती, आणि मग दिवसातून दीड तास त्याच्या मांड्या ताणत होती.

पुरावाही याच दिशेने जातो. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली सेरेब्रल पाल्सीवरच्या उपचारांचा आढावा घेतला आणि सिग्नलसारखे हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले. पालकांच्या उद्दिष्टांवर बेतलेले घरचे कार्यक्रम हिरव्यात आले. थेरपिस्ट मुलाचं अंग हाताळतो आणि मूल निष्क्रिय राहतं अशा काही फार लोकप्रिय पद्धती लालमध्ये गेल्या. पाच कागदांवरच्या तीनशे मिनिटांतला मोठा भाग या दुसऱ्या प्रकारचा होता.

आक्षेप आहेत, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. गिळताना घास श्वासनलिकेत जाणाऱ्या मुलाला कसं भरवायचं हे जाणकारानेच पाहायला हवं. ते उसनं ज्ञान घेऊन करायचं काम नव्हे. श्रवणयंत्र नीट बसवणं हेही तसंच. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचा खुब्याचा सांधा न दुखता हळूहळू निसटत जाऊ शकतो, त्यासाठी ठरावीक काळाने एक्स-रे लागतो. कडेवर घेतलं म्हणून तो चुकत नाही. संघाच्या तीन प्रकारांची समोरासमोर तुलना करणारे भक्कम प्रयोगही थोडेच आहेत.

मला अधिक टोचणारा आक्षेप वेगळा आहे. ‘कुटुंब’ म्हणायचं आणि काम आईने करायचं. दिनक्रमात व्यायाम बसवला की तो दिसेनासा होतो, पण नाहीसा होत नाही. म्हणून योजनेच्या कागदावर प्रत्येक ओळीपुढे ‘कोणी करायचं’ हा रकाना असलाच पाहिजे आणि त्यात सगळीकडे एकच नाव येत असेल तर योजना चुकली असं धरलं पाहिजे, असं माझं मत झालं आहे.

*

महाराष्ट्राकडे यायचं तर पालघर-डहाणूच्या पट्ट्यातून यावं लागतं. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत, असं दिसल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरांमागे कुरणात जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. येत नसेल त्याच्याकडे आपण जायचं, हा या सगळ्यामागचा विचार. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा हे नाव देशभर गेलं.

याच पट्ट्यात, पालघरला, फेब्रुवारी २०१३मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधली जन्मजात व्यंगं, आजार, जीवनसत्त्वांसारख्या घटकांची कमतरता आणि विकासातला उशीर, अशा तीसेक गोष्टी शोधण्याचा हा कार्यक्रम. फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक परिचारिका. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातं, शाळेत एकदा. ज्या मुलात काही आढळेल त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं. आणि या केंद्राची कागदावरची रचना पाहिली तर ती खरोखर संघाची आहे : बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, श्रवण व वाचातज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, दृष्टी तपासणारे, विशेष शिक्षक, समाजसेवक. माझ्या बहिणीने तीन ठिकाणी फिरून गोळा केलं ते एका छपराखाली. ही लहान गोष्ट नाही. फाटलेला ओठ, वाकडी पावलं, हृदयातलं छिद्र, अशा एकदा नीट दुरुस्त करण्याच्या व्यंगांसाठी ही व्यवस्था मोलाची आहे.

सेरेब्रल पाल्सी, बहिरेपण, स्वमग्नता या मात्र एका फेरीत संपणाऱ्या गोष्टी नव्हेत. त्यांना आठवड्यामागून आठवडे साथ लागते. जिल्ह्याचं गाव दोन एसट्या बदलून गाठायचं, एका हातात पाच किलोचं डोकं न सावरणारं मूल, दुसऱ्या हातात पिशवी, आणि त्या दिवसाची मजुरी बुडालेली. अशी बाई दर आठवड्याला येईल असं धरून केलेली योजना ही तिच्या गैरहजेरीचीच योजना. मूल शोधणारे घराजवळ जातात. मदत करणारे जिल्ह्याला बसतात.

मग उंबऱ्यापर्यंत कोण जातं? आशा जाते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा, घरी झालं तर सात वेळा. २०१८पासून तिच्या कामात आणखी पाच भेटी आल्या : तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. घरी जाऊन बाळ पाहण्याची ही कल्पना गडचिरोलीने दिलेली आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना शिकवून एकोणचाळीस गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे बासष्ट टक्क्यांनी कमी झाला होता. हा निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला.

मूल जगवण्यासाठी जे साधलं ते मूल वाढवण्यासाठी साधेल का? जमैकात १९८६-८७मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी कुपोषणाने खुंटलेल्या १२९ मुलांवर अभ्यास सुरू केला. त्यातल्या काही मुलांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं आठवड्याला एक तास जात, टाकाऊ वस्तूंची खेळणी नेत आणि आईला मुलाशी खेळायला शिकवत. वीस वर्षांनी या मुलांची कमाई भेटी न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा पंचवीस टक्क्यांनी जास्त निघाली. ही मुलं अपंग नव्हती, म्हणून हा पुरावा जसाच्या तसा लावता येत नाही. पण उंबऱ्याशी तज्ज्ञच हवा असं नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं. त्या सेविकेच्या मागे मात्र कोणीतरी उभं हवं. आशाताईने सहाव्या महिन्याच्या भेटीत पाय कात्रीसारखे पाहिले, तर तिने फोन कोणाला करायचा? फोनवरचा माणूस तिला ‘पाठवून द्या’ म्हणणार, की ‘पुढच्या मंगळवारी मी तुमच्याबरोबर येते’ म्हणणार? केंद्रातल्या वाचातज्ज्ञाच्या कामाच्या दिवसात गावाला जाण्याचा दिवस धरलेला आहे का? आणखी एक पद मंजूर करण्याआधी मला हे तपासावंसं वाटतं. २०२४ साली केंद्र सरकारने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा काढला; त्यात महिन्यांप्रमाणे घरी करण्याच्या खेळांचं वेळापत्रक आहे. तो चांगला आहे. तो अंगणवाडी ताईच्या नोंदवह्यांच्या गठ्ठ्यात आणखी एक वही होऊन पडतो की तिच्या हाताखाली येतो, ते ताईच्या मागे कोण आहे यावर ठरेल.

*

भाच्याच्या पिशवीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पाचांपैकी एक, वयाने मोठ्या फिजिओथेरपिस्ट, यांना बहिणीने धीर करून माझ्या बेरजेचा कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. पुढच्या रविवारी त्या घरी आल्या. हे त्यांच्या नोकरीत बसणारं नव्हतं. मुलाला हातही न लावता त्यांनी घरचा दिवस विचारला, सासूबाईंना विचारलं, मोठ्या मुलीला विचारलं, आणि अंघोळ घालणाऱ्या मावशींनाही बोलावून घ्यायला लावलं. मावशी दारातच उभ्या राहून म्हणाल्या, ‘‘मी पाचव्या महिन्यात सांगितलं होतं.’’ फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, ‘‘तेव्हा मी इथे असायला हवं होतं.’’

उरलेल्या चौघांना त्यांनी स्वतः फोन केले. एकाने चिडून फोन ठेवला. तिघांशी बोलून एक पान तयार झालं. कडेवर कसं घ्यायचं, कपडे बदलताना आधी गुडघे कसे वाकवायचे, भरवताना मान किती पुढे. आजीच्या वाट्याला दुपारचं मांडीवर बसवून गाणी म्हणणं आलं, मोठ्या मुलीच्या वाट्याला संध्याकाळचा चेंडू, वडिलांच्या वाट्याला अंघोळ, पाळी कोणतीही असो. वेगळ्या बसून करायच्या व्यायामाला रोजची वीस मिनिटं उरली.

तो आज नऊ वर्षांचा आहे. वॉकर घेऊन चालतो, बोलणं घरच्यांना सगळं आणि बाहेरच्यांना बरंचसं कळतं. गेल्या वर्षी खुब्याची शस्त्रक्रिया झाली. ते पान नसतं तर काय झालं असतं हे मला सांगता येणार नाही.

पानावरची एकच गोष्ट बरेच दिवस अडली होती. जेवताना पंक्तीत बसण्यासाठी त्याला कोपऱ्यासारख्या पाठीची खुर्ची हवी होती, म्हणजे खांदे पुढे येतात आणि हात ताटापर्यंत पोचतात. तयार खुर्ची परवडणारी नव्हती. फिजिओथेरपिस्टबाईंनी वहीच्या पानावर आकृती काढून दिली आणि बहिणीच्या नवऱ्याने ती नाक्यावरच्या सुताराला दाखवली. सुताराने आकृती पाहिली, बाजूला ठेवली आणि म्हणाला, ‘‘पोराला घेऊन या, माप त्याचं घ्यायला पाहिजे.’’ मग स्वतःच टेप घेऊन घरी आला.